चप्पल चावते, बूट सोलतो

पत्र

ताई, नमस्कार. मी 28 वर्षांचा, औषध कंपनीत प्रतिनिधी आहे. दिवसभर मोटारसायकलवर फिरणं, दवाखान्यांच्या पायऱ्या आणि डॉक्टर बोलावेपर्यंत उभं राहणं, हेच काम. गेल्या दीड वर्षात काळ्या बुटांचे तीन जोड झाले. एकाचं वरचं कातडं पापुद्रे निघावेत तसं सोललं, दुसऱ्याचा सोल पुढून उघडला, तिसरा धड आहे पण संध्याकाळी पाय ठणकतात. प्रत्येक जोड हजार-बाराशेचा. आता एकदाच अडीच-तीन हजार घालून टिकाऊ बूट घ्यावेत म्हणतो, पण दुकानात बघायचं काय तेच कळत नाही.

दुसरं म्हणजे, अठरा दिवसांनी बहिणीचं लग्न आहे. त्यासाठी कोल्हापुरी घेतली. घरात दहा मिनिटं घातली तर अंगठ्याजवळ सालटं निघालं. दुकानदार म्हणतो, ‘आठ दिवसांत सैल होईल.’ आई म्हणते, तेलात बुडवून ठेव. मित्र म्हणतो, रात्रभर पाण्यात भिजत घाल. कुणाचं ऐकू? वडिलांनाही तसलीच घ्यायची आहे. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे. चालेल ना?

– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेते. वडिलांना कोल्हापुरी नको. लग्नापुरती नको, फोटोपुरतीसुद्धा नको.

बारा वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाची जाणीव पुष्कळदा कमी झालेली असते, आणि ती इतकी हळूहळू जाते की त्याचं त्यालाही उमगत नाही. तुम्हाला दहा मिनिटांत चप्पल चावली, तुम्ही ती काढून फेकलीत. त्यांना चावली तर ते मांडवात चार तास मिरवतील आणि रात्री पाय धुताना रक्त दिसेल. अशी जखम भरायला किती दिवस लागतात, हे औषधं विकणाऱ्याला मी काय सांगणार! त्यांना मागून बंद, बोटांपाशी ऐसपैस, आतून शिवण टोचणार नाही असे मऊ बूट घ्या, नाहीतर मागे पट्टा असलेल्या, पुढून बंद वेल्क्रोच्या सँडल. त्याही पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायच्या. मग काढून टाचा, बोटांच्या बेचक्या, अंगठ्याची बाजू तुम्ही स्वतः बघायची. लाल डाग उमटून तसाच राहिला तर तो जोड परत करा. धोतरावर वेल्क्रो शोभत नाही म्हणून ते कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आता तुमची कोल्हापुरी. मित्राचं अजिबात ऐकू नका, आईचं अर्धं ऐका, आणि दुकानदाराचं ऐकायचं की नाही ते चप्पल पायात घालून ठरवा.

कारण चप्पल दोन तऱ्हेनं चावते. एक, ती नवी आणि कडक आहे म्हणून. दोन, ती तुमच्या मापाचीच नाही म्हणून. पहिलीवर इलाज आहे. दुसरीवर तेल ओता, हातोडी मारा, नवस बोला, काही उपयोग नाही. दुकानदार दोन्हींना एकच उत्तर देतो, ‘सैल होईल.’

ओळखायचं कसं? आज संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय फुगलेले असताना, चप्पल घालून फरशीवर सरळ उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. टाच तळाच्या कडेबाहेर गेली असेल, किंवा बोटं पुढे कडेवर आली असतील, तर माप लहान आहे. कातडं रुंदीला थोडं देतं, लांबीला देत नाही. पट्टा पावलावर सगळीकडून आवळत असेल, काढल्यावर लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत असेल आणि बोटांना मुंग्या येत असतील, तर ती अरुंद आहे. उद्याच्या उद्या बदलून आणा. अजून अठरा दिवस आहेत, आणि घराबाहेर न घातलेली चप्पल कुठलाही शहाणा दुकानदार बदलून देतो. पण एखाद्याच ठिकाणी, शिवणीच्या गाठीपाशी किंवा पट्ट्याच्या कडेला लागत असेल, तर तो कडकपणा. पत्रावरून तुमचं दुखणं हेच दिसतंय.

कडकपणा हा खऱ्या कोल्हापुरीचा दोष नाही. तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. तळाला म्हशीच्या कातड्याचे थर एकावर एक बसवून ते कातड्याच्याच वादीनं शिवतात, खिळा मारत नाहीत. असं कातडं पायाच्या उबेनं आणि तेलानं हळूहळू मऊ पडतं आणि मग पावलाचा आकार धरतं. घालताक्षणी जी लोण्यासारखी मऊ लागते ती चप्पल उलटी करून बघा. बहुतेक रेक्झिनचा पट्टा आणि रबराचा तळ निघेल. तिला कोल्हापुरी म्हणा, पण कोल्हापुरीचे पैसे देऊ नका. खऱ्या चपलेच्या कडेला थर मोजता येतात आणि खाली वादीचे टाके दिसतात.

जाता जाता एक, नाव कोल्हापूरचं असलं तरी हे आपलंही पायताण आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसल्याच चपला फॅशन म्हणून मिरवल्या आणि केवढा गदारोळ झाला ते तुम्ही वाचलंच असेल. आता कुणी ‘प्राडावाली डिझाइन’ म्हणून पाचशे रुपये जास्त सांगितले तर हसून पुढच्या दुकानात जा.

पाण्याचं का नको? हे कातडं पाणी पितं, फुगतं आणि वाळताना आक्रसतं. तळाचे थर वेडेवाकडे होतात, रंगाचे ओघळ येतात, आणि वाळल्यावर चप्पल आधीपेक्षा कडक होते. चुकून भिजलीच तर कोरड्या फडक्यानं टिपून सावलीत वाळवायची. आपल्याकडच्या उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत तिचा पापड होतो. हेअर ड्रायरही नको.

तेल मात्र हवं, पण आई म्हणते तसं बुडवून नव्हे. हा प्रयोग मी करून चुकले आहे. लग्नानंतरची माझी पहिली कोल्हापुरी मी परातीत एरंडेल ओतून रात्रभर त्यात ठेवली होती. सकाळी ती इतकी मऊ पडली की पट्टा पावलावर टिकेना, मी पुढे आणि चप्पल मागे. वर घरभर फरशीवर तेलाची पावलं. सासूबाई म्हणाल्या, ‘लक्ष्मी आली म्हणायची.’

तेव्हा असं करा. एरंडेल किंवा खोबरेल वाटीत किंचित कोमट करा. सुती चिंधीचं टोक त्यात बुडवून पिळून घ्या. ते टोक पट्ट्याच्या आतल्या बाजूला आणि जिथं चावतं त्या कडेला चोळा, तळाला नको. तेलानं कातडं गडद होतं, म्हणून आधी न दिसणाऱ्या ठिकाणी लावून बघा, नाहीतर लग्नाच्या फोटोत चपलेवर डाग दिसतील. रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी पुसा. आता पट्टा हातात धरून मागेपुढे वाकवा, पोळीची कणीक तिंबतो तितक्याच जोरानं. शिवणीची गाठ टोचत असेल तर आतून लाटण्याचं टोक ठेवून दाबून फिरवा. तरी बसली नाही तर सरळ चांभारदादांकडे न्या. ते ऐरणीवर ठेवून हलक्या हातोडीनं शिवण ठोकून देतात. दोन मिनिटांचं काम. पण हात त्यांचाच हवा, कारण घरच्या हातोडीनं वादी तुटते.

मग घालायची, पण घरातच. स्कूटीवाल्या मुली अंगठा वेगळा असलेले मोजे वापरतात ना, तसला एक जोड आणा. पहिले दोन दिवस मोजे घालून वीस-वीस मिनिटं, संध्याकाळी बातम्या बघताना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोज्याशिवाय अर्धा तास. मग गल्लीच्या टोकापर्यंत, दुधाची पिशवी आणायला. चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा तेलाची चिंधी. तुम्हाला अठरा दिवस आहेत, पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात पाहुण्यांच्या धावपळीत हे होणार नाही, म्हणून बारा दिवसच धरा. लागायला लागली की लगेच काढायची. ‘थोडी कळ काढली की सवय होते’ हा सल्ला चपलेला लागू नाही. कातडी जाड व्हायच्या आधी सोलते, मग चार दिवस काहीच घालता येत नाही आणि मधले दिवस फुकट जातात.

आत्ता जे सालटं निघालंय ते बरं होईपर्यंत चपलेला हात लावू नका. धुवा, कोरडं करा, पट्टी लावा. फोड आला असेल तर फोडू नका. त्यावरची कातडी हीच त्याची मलमपट्टी. पुढे घालायला लागाल तेव्हा, जिथं लागतं तिथं कागदी चिकटपट्टी आधीच पायाला लावा. फोड आल्यावर लावून फारसा उपयोग नसतो.

नवी पायताणं घालून लांब चालणं काय असतं, ते मला एका कोजागिरीनं शिकवलं. सोलापूरहून तुळजापूरला चालत निघाले होते, पंचेचाळीस किलोमीटर, आणि हौसेनं आदल्या दिवशीच नव्या सँडल घेतल्या होत्या. तामलवाडीच्या अलीकडेच दोन्ही टाचांची कातडी सँडलच्या पट्ट्याला चिकटून आली. रस्त्याकडेला बसले होते तर अनवाणी चालणारी एक आजी थांबली. माझ्या पायाकडे बघून म्हणाली, ‘पोरी, हे घालून चालायचा नवस कुणी सांगितला तुला?’ उरलेला रस्ता मी टेम्पोत बसून गेले. आईनं दर्शन दिलं, पण मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

बुटांकडे वळू. तुमच्या तीन जोडांपैकी दोघांनी आपली कहाणी स्वतःच सांगितली आहे.

पहिला सोलला, म्हणजे तो कातड्याचा नव्हताच, निदान वरचा थर तरी. कापडावर किंवा कातड्याच्या हलक्या, फाडलेल्या थरावर प्लास्टिकचा लेप दिलेला माल असतो. दुकानात तो खऱ्यापेक्षा जास्त चकचकीत दिसतो. घाम, ऊन आणि रोजची घडी यांनी लेप तडकतो आणि पापुद्रे निघतात. पॉलिशनं ते थांबत नाही. आत ‘जेन्युइन लेदर’ छापलेलं असलं तरी खुश होऊ नका, फाडलेल्या थरावरही ते छापतात. अंगठ्यानं दाबा. खऱ्या कातड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात आणि जातात. लेपाच्या मालावर खळगा पडतो, नाहीतर एकसारखी नक्षी ताणली जाते. जीभ बाहेर ओढून तिची कापलेली कड बघा. तिथं तंतू दिसले तर बरं, कापडाची वीण आणि वर पातळ साय दिसली तर ठेवून द्या. पुष्कळ कंपन्यांच्या बुटांत किंवा सोलवर चित्रखुणाही असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे कातडं, त्याच आकारात चौकट म्हणजे लेप दिलेलं कातडं, जाळी म्हणजे कापड, नुसती चौकट म्हणजे बाकी काहीही. तीन ओळींत वरचा भाग, अस्तर आणि सोल असे वेगवेगळे दिलेले असतात. ‘फुल लेदर’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला ती खूण दाखवायची आणि त्याचा चेहरा बघायचा.

दुसरा पुढून उघडला. डावा की उजवा, ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज डावा. गिअर वर उचलताना बुटाचं नाक रोज शंभर वेळा दांडीवर घासतं आणि चिकटवलेल्या सोलची कड सुटायला लागते. गिअरच्या दांडीवरची रबरी टोपी झिजली आहे का ते आजच बघा. तेवढी बदलली तरी पुढच्या बुटाचं आयुष्य वाढेल. शिवाय आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन. नुसतं सोल्युशन लावून चिकटवलेला सोल तापलेल्या डांबरावर आणि गाडीच्या डिक्कीत मऊ पडतो. बूट डिक्कीत ठेवायची सवय असेल तर सोडा.

म्हणून नवा जोड घेताना आधी उलटा करायचा. माझे नेहमीचे चांभारदादा एसटी स्टँडकडच्या रस्त्यावर लिंबाखाली बसतात. ते एकदा म्हणाले, ‘वरनं काय बघतायसा, वरनं समदेच नवरदेव. खालनं बघा की.’ सोलच्या कडेनं शिलाई दिसली तर नखानं टाका उचलून बघा. पुष्कळ बुटांवर ती साच्यातच उठवलेली नक्षी असते, दोरा नसतोच. खरा टाका असेल तर तो आतल्या बाजूलाही, सुकतळी उचलल्यावर, सापडतो. कडेची पट्टी वेगळी शिवून त्यावर सोल शिवलेले बूट सगळ्यात टिकाऊ, सोल झिजला की नवा बसवता येतो, पण ते तुमच्या तीन हजारांत बसणं अवघड. त्याचा हट्ट धरू नका. या पैशात खऱ्या कातड्याचा, रबरी किंवा टीपीआर (रबरासारख्या प्लास्टिकच्या) सोलचा, कडेनं खरी शिलाई असलेला बूट बघा. नुसता चिकटवलेला मिळाला आणि सोल जाड रबराचा असेल तर चांभारदादांकडून कडेनं शिलाई मारून घ्या, नवा असतानाच. पातळ, फोमसारख्या सोलला मात्र मारू नका. टाक्यांच्या भोकांतूनच तो फाटतो.

हलका, मऊ पीयू (फोमसारख्या प्लास्टिकचा) सोल पायाला छान लागतो, पण त्याची एक खोड आहे. हवेतल्या दमटपणानं तो आतून कुजत जातो, वापरला नाही तरी. माझ्या दिरांचे लग्नातले बूट सहा वर्षं कपाटात, खोक्यात, कागदात गुंडाळून जपले होते. पुतण्याच्या मुंजीला घातले आणि कार्यालयाच्या पायरीवरच दोन्ही सोलांचा कडक भाकरीसारखा चुरा झाला. तेव्हा सेलमधला जुना माल घेताना खोक्यावर छापलेला महिना आणि वर्ष वाचायचं.

मग बूट दोन्ही हातांनी धरून, ओला टॉवेल पिळतो तसा पिळा. टॉवेल कसा पिळायचा हे सोलापूरकराला शिकवायला नको. बूट थोडा विरोध करणारा हवा. टॉवेलासारखाच पिळला गेला तर संध्याकाळी पाय ठणकणारच. पुढून दाबून वाकवा. तो बोटं जिथं वाकतात तिथंच वाकला पाहिजे, मधोमध वाकला तर नको. टाचेची मागची भिंत अंगठ्यानं दाबा, ती घट्ट हवी. आत हात घालून फिरवा. बोटाला जी गाठ लागते ती पायालाही लागणार.

मापाला संध्याकाळी जा, कामावर घालता तेच मोजे घालून. घरून निघण्यापूर्वी जाड कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ काढा आणि कापून खिशात ठेवा. कागद बुटात सरकवला की कडा दुमडतात का ते कळतं. आपल्याकडे बरीच पावलं पुढून रुंद असतात आणि टोकदार फॅशनच्या बुटात करंगळी दुमडून बसते. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप घ्या, पुढे अंगठाभर जागा ठेवा. नवी पेठेत गर्दीच्या वेळी विक्रेता घाई करतो. दुकानात चार चकरा मारायच्या, लाजायचं नाही. बुटांच्या बाबतीत मात्र ‘सैल होईल’ हे ऐकूच नका.

तिसरा जोड टाकू नका. आतली सुकतळी बदलून थोडी जाड घाला आणि नव्या बुटांबरोबर एकाआड एक वापरा. घामानं भिजलेलं कातडं रात्रीत वाळत नाही, त्याला पूर्ण दिवस लागतो. काढल्यावर आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा, आठवड्यातून एकदा धूळ पुसून पॉलिश. एवढं केलं तरी दीड वर्षात तीन जोड लागणार नाहीत.

लग्नाच्या दिवशी एक करा. तुम्ही वधूचे भाऊ, कानपिळीला तुम्हालाच उभं राहायचंय, आणि मांडवात चपला काढाव्याच लागतील. कार्यालयाच्या दारात तसल्याच चाळीस कोल्हापुरी पडलेल्या असतात आणि नवी, तेल लावून मऊ केलेली चप्पल पहिली जाते. आतल्या बाजूला पेनानं खूण करा आणि काढली की कापडी पिशवीत घालून एखाद्या भाच्याच्या ताब्यात द्या. त्याला आधीच एक कुल्फी कबूल करा.

– तुमची ताई